पहिली गोळी पाहुण्याची

"मास्तर, गवा पाडायचा तर यातलं कोणतं घ्याल?"

पालांदूरकर ठेकेदारांनी दोन रिव्हॉल्व्हर माझ्या टेबलावर, तपासायच्या वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवली. रविवार होता. शाळेच्या व्हरांड्यात मी एकटाच होतो.

मी पेनचं टोपण लावलं. "रिव्हॉल्व्हरनं गवा पाडत नसतात. त्याला रायफल असते, आणि तीही भारी."

"ते मलाही कळतं हो. पण डोमाजींना रायफल धरता येईल का?"

डोमाजींचं नाव त्यांच्या तोंडी आलं आणि मी खुर्चीत सरळ झालो.

सुभेदार डोमाजी भोयर आमच्या गावचेच. लढाईआधी चांदा जिल्ह्यात त्यांच्यासारखा नेमबाज नव्हता, असं जुनी माणसं सांगायची. पुढं ब्रह्मदेशात तोफेच्या गोळ्यानं त्यांचा डावा हात खांद्यापासून गेला. परत आल्यावर त्यांनी आपली रायफल विकून टाकली आणि शेतात लक्ष घातलं. शिकारीच्या गप्पा निघाल्या की ते उठून जायचे. लोक म्हणायचे, सुभेदार शिकार विसरले. मला तसं कधी वाटलं नाही. विसरलेला माणूस उठून कशाला जाईल?

हेच डोमाजी होळीनंतर पालांदूरकरांविरुद्ध साक्ष देणार होते. ठेकेदारांनी आपल्या हद्दीबाहेरचा, राखीव जंगलातला साग तोडून नेला होता. तोडणारी माणसं बाहेरगावची, ती परागंदा झाली. स्वतः ठेकेदारांना तिथं उभं राहून झाडं दाखवताना पाहिलं होतं ते एकट्या डोमाजींनी. वर्षभर दोघांत बोलणं नव्हतं. वाटेत समोरासमोर आले तरी एकजण बांधावर चढायचा.

"तुम्ही डोमाजींना शिकारीला नेताय?" मी विचारलं.

"काय हरकत आहे? कोर्टातलं कोर्टात. गावात आम्ही शेजारी आहोत. परमिट मिळालंय गव्याचं. म्हटलं, एका हातानं चालवता येईल असं काहीतरी मिळवून द्यावं त्यांना. मुद्दाम नागपूरला जाऊन आलो. आवडलं तर पुढं त्यांच्या लायसन्सवर चढवून देईन."

"आणि ते हो म्हणाले?"

"आधी नाही म्हणाले. मग हे हातात दिलं." ठेकेदार हसले. "मास्तर, माणसाचा हात खोटं बोलत नाही."

मला ते हसणं आवडलं नाही. लाच पैशाचीच असते असं नाही. एखाद्याला जे हवं असून मिळत नाही, ते नेमकं हेरून त्याच्या हातात ठेवणं ही पैशापेक्षा मोठी लाच. आणि डोमाजींनी ती घेतली, याचं मला जास्त वाईट वाटलं.

"माझ्याकडे कशाला आलात?"

"तुम्ही विज्ञान शिकवता, पोरांना नेमबाजी शिकवता. गावात तुमच्या शब्दाला मान आहे. तुम्ही म्हणाल ते रिव्हॉल्व्हर, तुम्ही म्हणाल ती काडतुसं. आणि शिकारीलाही तुम्ही यायचं. मग कोणी म्हणायला नको की ठेकेदारानं काही कमीजास्त केलं."

शेवटचं वाक्य त्यांनी सहज टाकलं. मी मात्र ते मनात धरून ठेवलं. आपण काही कमीजास्त केलं असं कोणी म्हणेल, हे या माणसाला आधीच कसं सुचलं?

*

डोमाजींना बोलावून आम्ही शाळेमागच्या टेकडीपाशी चाचणी घेतली. गावातली रिकामी मंडळी पाहायला जमली.

दोन्ही रिव्हॉल्व्हर नवी होती. एक तीनशे सत्तावन्न मॅग्नम, दुसरं चव्वेचाळीस मॅग्नम, जाड आणि लांब नळीचं. तीनशे सत्तावन्नची गोळी लहान पण फार वेगवान. चव्वेचाळीसची जवळजवळ दीडपट वजनाची. धक्का दोन्हीला आहे, पण चव्वेचाळीसचा धक्का मनगटातून थेट खांद्यात जातो. डोमाजींनी आधी लहान उडवलं, मग मोठं. मोठ्याला त्यांचा हात कपाळापर्यंत वर गेला आणि तसाच संथपणे खाली आला.

"झेपतं का, सुभेदार?" मी विचारलं.

"दोन हातांचं काम एकच हात करून राहिला आहे कधीपासून. त्याला सवय आहे."

लोक हसले. मी मोठं बाजूला काढलं. "गव्याला वेगापेक्षा वजन बरं. हेच घ्या."

आता काडतुसं. ठेकेदारांनी दोन डबे आणले होते. एका डब्यातल्या गोळ्या मऊ शिशाच्या, टोकाशी खळगा असलेल्या. दुसऱ्यातल्या कठीण शिशाच्या, चपट्या तोंडाच्या. पितळी नळकांडी मात्र दोन्हींची सारखी.

शाळेची रद्दी भिजवून मी दोन पोती ठासून भरली होती. प्रत्येक पोत्यापुढं म्हशीच्या खांद्याचं जुनं हाड बांधलं. पहिल्या पोत्यावर डोमाजींनी मऊ गोळी मारली. हाडाच्या ठिकऱ्या उडाल्या, पोतं पुढून फाटलं, ओल्या कागदांचा लगदा चहूकडे गेला. लोकांनी आरोळी ठोकली.

"बघा ताकद," ठेकेदार म्हणाले. "हीच घ्या मास्तर. गव्याचं काय, हत्तीचं काम होईल."

दुसऱ्या पोत्यावर कठीण गोळी. हाडाला रुपयाएवढं भोक पडलं आणि पोतं जागचं हललं फक्त. या वेळी आरोळी उठली नाही. मी पोती उघडली. मऊ गोळी थोड्याशा कागदांत शिरून फुलासारखी उमलून बसली होती. कठीण गोळी पोत्यात नव्हतीच. ती हाड आणि पोतं पार करून मागच्या मुरमात गेली होती.

ही गोष्ट मुलांना समजावताना मी चिखलाचा गोळा आणि सुपारी घेतो. दोन्ही जोरानं भिंतीवर मारायला सांगतो. चिखलाचा आवाज मोठा होतो, पसाराही मोठा होतो, पण भिंतीला काही होत नाही. सुपारी गिलाव्याचा पोपडा काढते. मग मुलांना विचारतो, भिंतीला काय लागलं? ती बरोबर उत्तर देतात. त्या दिवशी मोठ्या माणसांनाही मी तसंच समजावलं. हरणाला मऊ गोळी चालेल. गव्याच्या खांद्यावर इतकं कातडं आणि मांस असतं की मऊ गोळी तिथंच उमलून थांबेल. जनावर पडणार नाही. जखमी होऊन बांबूत शिरेल.

"आणि मग?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"मग रिवाज आहेच," रान उठवून जनावर पुढं काढणाऱ्या हाक्याचा म्होरक्या चिन्ना पेंदाम म्हणाला. "ज्यानं जखमी केलं त्यानं माग काढावा. दुसऱ्यानं नाही जायचं जी."

आमच्या भागातला हा कायदा सरकारी कायद्याहून जुना. पहिली गोळी पाहुण्याची, हा मान. आणि जनावर जखमी झालं तर ज्याची गोळी त्यानंच मागावर जायचं, ही त्या मानाची किंमत. जखमी गवा पळून जात नाही. थोडं पुढं जाऊन वळतो, आपल्याच वाटेच्या कडेला दबा धरतो आणि माग काढणाऱ्याची वाट पाहतो.

मी डोमाजींकडे पाहिलं. त्यांची नजर हातातल्या रिव्हॉल्व्हरवर होती.

"मग कठीणच घ्या," ठेकेदार चटकन म्हणाले. "मी म्हटलंच होतं, मास्तर म्हणतील ते. ऐकलंत ना सगळ्यांनी? निवड मास्तरांची."

त्यांनी दोन्ही डबे पिशवीत टाकले. लायसन्स त्यांचं, तेव्हा काडतुसं त्यांच्याकडेच राहणार, यात बोलण्यासारखं काही नव्हतं.

घरी जाताना वाटलं, आपण उगाच संशय घेतला. वाईट हेतू असता तर माणसानं मऊ गोळीसाठी हट्ट धरला असता. मग वाटलं, हट्ट कशाला धरायचा? मऊ डबा काही त्यांनी टेकडीपाशी टाकून दिला नव्हता. आणि उद्या काही झालं तर सगळा गाव सांगेल, निवड मास्तरांची होती.

*

शिकारीच्या आदल्या संध्याकाळी मी डोमाजींच्या वाडीवर गेलो. ते बैलांना वैरण टाकत होते.

"सुभेदार, नाही गेलात तर नाही का चालणार?"

"काहून?"

"साक्ष तोंडावर आली आहे. लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणून राहिले आहेत ते मला माहीत आहे. तुम्ही काय म्हणता?"

ते विकले गेले असतील तर मनातला दुसरा संशय त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. तो सरळ ठेकेदारांच्या कानावर गेला असता. नसतील विकले गेले, तर हा संशय त्यांना झोंबला असता. मी एवढंच म्हटलं, "काडतुसं एकदा स्वतः पाहून घ्या."

"भरलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये पुढून पाहू नये, असं तुम्हीच शिकवता ना पोरांना?" त्यांनी वैरणीची पेंढी सोडली. "बसा, चहा घेऊन जा मास्तर."

मी बसलो, चहा घेतला. ते बैलांविषयीच बोलत राहिले.

*

सकाळी उजाडता उजाडता आम्ही नाल्याच्या तोंडाशी पोचलो. चिन्ना गावची माणसं घेऊन पलीकडच्या बांबूच्या बनामागं गेला होता. तिथून हाका सुरू झाला की गवे याच नाल्यानं उतरणार होते. नाल्याच्या वळणावर पळसाच्या आडोशाला डोमाजींची जागा. त्यांच्या मागं, उंच खडकावर, खांद्याला रायफल लावलेल्या ठेकेदारांची. मी निःशस्त्र होतो. मला ठेकेदारांनी खडकावरच यायला सांगितलं होतं.

"द्या, मी भरून देतो," ठेकेदार म्हणाले. एका हाताच्या माणसाला रिव्हॉल्व्हर भरणं अवघड, हे खरं होतं. पण ते भरताना त्यांनी आमच्याकडे पाठ केली. काडतुसं खिशातून काढली, डब्यातून नाही. मग काडतुसांचं चक्र आत सारून त्यांनी ते मुठीकडून डोमाजींच्या हातात दिलं.

मी मागून चक्राकडे पाहिलं. पितळी बुडं चकचकत होती. मागून पाहिलं तर मऊ काय आणि कठीण काय, सगळी काडतुसं सारखीच. फरक असतो तो पुढच्या तोंडाला, आणि भरलेल्या हत्याराच्या पुढून डोकावण्याची सवय कोणत्याही शहाण्या शिकाऱ्याला नसते. बोलावं तर सरळ खुनाचा आरोप होतो. न बोलावं तर हा माणूस त्या पळसामागं जाऊन बसणार.

"सुभेदार," मी म्हणालो, "जरा एक मिनिट."

"थांबा मास्तर." डोमाजी ठेकेदारांकडे वळले. "शेठ, माझी एक विनंती आहे."

"बोला ना."

"तुम्ही खडकावर नका बसू. माझ्याजवळ बसा, पळसामागं."

ठेकेदार हसले. "तिथं दोघांना जागा कुठली?"

"होते जागा. लई वर्षांनी बसून राहिलो आहे, सोबत असली तर बरं. रायफल मास्तरांजवळ द्या. ते नेतील वर. खाली एकच हत्यार बरं, दोन असली की घोळ होते. आणि जनावर जखमी झालंच तर आपण दोघं मिळून मागावर जाऊ."

"रिवाज तसा नाही, डोमाजी. ज्याची गोळी त्यानं—"

"ज्याची गोळी त्यानंच जायचं, बरोबर आहे. मी पुढं राहीन. तुम्ही फक्त मागं चाला. पाहुण्यानं सोबत मागितली तर यजमान नाही म्हणत नाही आपल्याकडे."

लांबून पहिला डफ वाजला. हाका सुरू झाला होता.

ठेकेदारांनी खडकाकडे पाहिलं, नाल्याकडे पाहिलं. रायफलीचा पट्टा खांद्यावर नीट केला, पण रायफल काढून दिली नाही. डोमाजी काही घाई न करता उभे होते. परीक्षेला बसलेल्या मुलाला वेळ द्यावा तसे.

"बरं," ठेकेदार शेवटी म्हणाले आणि त्यांनी हात पुढं केला. "मग ते द्या इकडे. काडतुसं एकदा पाहून घेतो."

"आताच तर भरली तुम्ही."

"तरी पाहिलेलं बरं."

"मी एकटा जाणार होतो तेव्हा नाही पाहावी वाटली?"

ठेकेदारांचा हात तसाच पुढं राहिला. डोमाजींनी त्यात रिव्हॉल्व्हर ठेवलं नाही. ते त्यांनी माझ्याकडे दिलं.

"निवड मास्तरांची आहे. तेच पाहतील."

मी नळी जमिनीकडे धरून चक्र उघडलं आणि काडतुसं बाहेर ढकलणारी दांडी दाबली. काडतुसं माझ्या तळहातावर पडली. प्रत्येकाच्या टोकाशी खळगा होता.

मी ओंजळ डोमाजींपुढं धरली. त्यांनी मान हलवली. मी वर पाहिलं तर ठेकेदारांच्या खांद्यावरची रायफल त्यांच्या हातात आली होती. नळी अजून कोणावर रोखलेली नव्हती. पण ती जमिनीकडेही नव्हती. आमच्याकडे रिकामं रिव्हॉल्व्हर आणि मूठभर काडतुसं. मी एक परत भरीपर्यंत काय होईल याचा विचार करायलाही वेळ नव्हता.

तेवढ्यात बांबू कडकडले.

नाल्याच्या वळणावर गवा आला. आधी एकटा नर, काळाभोर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. त्यानं आम्हाला पाहिलं आणि तो थांबला. त्याच्या नाकपुड्यांचा आवाज मला ऐकू येत होता. खांद्यावरचा तो मांसाचा डोंगर पाहिला आणि शाळेमागचं फाटलेलं पोतं माझ्या डोळ्यांपुढं आलं.

कोणी हललं नाही. डोमाजींची पाठ ठेकेदारांकडे होती आणि तोंड गव्याकडे. तसंच उभं राहून ते हळू आवाजात बोलले.

"शेठ, हाक्याची माणसं येऊन राहिली आहेत. आत्ता पोचतील. त्यांना इथं काय दिसायला पाहिजे, ते तुम्ही ठरवा."

डफ जवळ येत होते. गव्यानं मान झटकली, नाला ओलांडला आणि समोरच्या चढावर निघून गेला. त्याच्यामागून कळप गेला, माद्या आणि वासरं. दगड बराच वेळ घरंगळत राहिले.

मग मागं खट्ट असा लहानसा आवाज झाला. ठेकेदारांनी रायफल खडकाला टेकवून ठेवली होती.

मी रिकामं रिव्हॉल्व्हर डोमाजींच्या हातात दिलं, जाऊन ती उचलली, गोळ्या काढल्या आणि खिशात टाकल्या. त्यांनी अडवलं नाही. ते दगडावर बसले होते आणि रुमालानं मान पुसत होते.

चिन्ना आणि त्याची माणसं धापा टाकत पोचली. "काहून जी, गोळी नाही चालली? एवढा मोठा नर समोरून गेला."

"मोठा होता बाप्पा," डोमाजी म्हणाले. "पाहतच राहिलो."

माणसं हिरमुसली. कोणीतरी कुजबुजलं की सुभेदाराचा हातच नाही, दमही गेला. डोमाजींना ते ऐकू गेलं असणार.

परतताना आम्ही दोघं थोडे मागं राहिलो. "लोकांना सांगा हे," मी म्हणालो. "पोलिसांत सांगा. मी साक्ष देतो."

"कशाची, मास्तर? माणूस मेला नाही, जनावर मेलं नाही, गोळी सुटली नाही. ठेकेदार म्हणतील, डबे अदलाबदल झाले. काय कराल?" त्यांनी मागं जंगलाकडे हात केला. "साग मात्र तुटलेला दिसते. खुंटं जागेवर आहेत."

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"संशय होता. विकत घेऊन राहिले आहेत की मारून राहिले आहेत, एवढंच समजत नव्हतं. विकत घेणारा माणूस माझ्याजवळ येऊन बसला असता." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पण रिव्हॉल्व्हर चांगलं होतं. त्या दिवशी टेकडीपाशी हात वर गेला, तेव्हा खरं सांगतो मास्तर, क्षणभर सगळंच विसरलो होतो."

गावाच्या वेशीपाशी ठेकेदार उभे होते. बाकीची माणसं पुढं गेली होती. डोमाजींनी कमरेचं रिकामं रिव्हॉल्व्हर काढलं आणि मुठीकडून त्यांच्यापुढं धरलं. ठेकेदारांनी ते घेतलं.

"डोमाजी," ते म्हणाले. "कोर्टात काय सांगणार?"

"जे पाहिलं ते. नाल्यावरचं नाही, सागाचं. कालही तेच सांगणार होतो, त्याच्या आधीही तेच." डोमाजींनी बांधावरची पायवाट धरली. जाता जाता वळून म्हणाले, "तुम्ही उगाच नागपूरपर्यंत गेलात, शेठ."